जुनी जावा

नांदेडच्या ऑफिसात आज कॉम्प्युटर तापला आणि गरम धुळीच्या त्या वासानं मला रेणापूरला सासरच्या घरी नेलं. तिथं एकदा मी कॉम्प्युटरवर जावा नावाचं सॉफ्टवेअर टाकत होते. ते पुन्हा पुन्हा अडत होतं. शेवटी वैतागून फोनवर कॉम्प्युटरच्या दुकानदाराला म्हणाले, "जुनी जावा निघतच न्हाई हो, नवी कशी बसवू?"

मागं थोरल्या जाऊबाई चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "म्या काय वाईट केलं गं तुझं?"

समजावून सांगितल्यावर त्या हसल्या. पण त्यानंतर मी कॉम्प्युटर लावला, की चहा दाराशीच ठेवून जायच्या.

आता त्या नाहीत. आज स्क्रीनवर आलंय, जावा सापडत नाही. मी नुसती बघत बसलेय.