जमनाबाईंचा मंगळवार

जमनाबाई आमच्या कचेरीत स्वतःचं स्टूल घेऊन यायच्या. लाल प्लास्टिकचं, एक पाय किंचित वाकलेलं. कोपरीतून निघायच्या, स्टेशनचा पूल चढून ठाण्याच्या पश्चिमेला उतरायच्या आणि सव्वादहाच्या ठोक्याला माझ्या टेबलासमोर स्टूल ठेवून बसायच्या. कचेरीच्या दोन खुर्च्या तिथे रिकाम्याच असायच्या. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "आजी, खुर्ची आहे ना, तिच्यावर बसा."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मी तुझी आजी नाही. आणि ही खुर्ची इंडियाच्या लोकांची. तूच बोलतेस ना, मी अजून इंडियाची नाही? मग नाही बसणार."

मला त्या आवडायच्या नाहीत, हे आधीच सांगून टाकते. मी त्यांना त्याहून कमी आवडायचे.

नागरिकत्वाच्या अर्जांचं टेबल तेव्हा माझ्याकडे होतं. जमनाबाई आणि त्यांचे यजमान गोपालदास सिंधमधलं घर विकून इकडे आलेले, पाकिस्तानी पासपोर्टवर. व्हिसा वाढवून घेत राहायचं, ठरलेली वर्षं भरली की अर्ज करायचा आणि मग वाट पाहायची, असा तो रस्ता. दोघांनी एकाच दिवशी अर्ज केले होते. वाट पाहता पाहता गोपालदास गेले. त्यांची फाइल मी 'अर्जदार मयत' असा शेरा मारून बंद केली. तो शेरा मारताना जमनाबाई समोर बसल्या होत्या आणि मी मान वर केली नव्हती.

त्यांच्या घराण्यात सगळ्यांच्या अस्थी हरिद्वारला गेलेल्या. पण अशा व्हिसावरच्या माणसाला शहराबाहेर पाऊल टाकायचं तर आधी परवानगी काढावी लागते. मी त्यांना तसा अर्ज करायला सांगितलं. खरं तर ते मदत म्हणूनच सांगितलं होतं. त्या स्टुलावरून उठून उभ्या राहिल्या.

"नवऱ्याच्या अस्थी हातात घेऊन मी परमिशनच्या लायनीत उभी राहू? तो काय बोलून गेला माहीत आहे? यहाँ का होके जाऊँगा. आधी मी होते इथली, मग घेऊन जाते त्याला."

तोवर गोपालदास स्मशानातल्या अस्थी ठेवायच्या कपाटात, एका खणात होते. खणाची चावी जमनाबाईंच्या मंगळसूत्राच्या जागी गळ्यात असायची. माझ्या पाठीमागच्या लोखंडी कपाटाकडे बोट दाखवून त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "माझा नवरा तिकडे एका कपाटात, मी इकडे दुसऱ्या कपाटात. दोघांची चावी आहे, पण माझ्यावाली हिच्याकडे आहे." हिच्याकडे म्हणजे माझ्याकडे.

मंगळवार मीच ठरवून दिलेला. सुरुवातीला त्या वाटेल त्या दिवशी यायच्या आणि माझं डोकं उठवायच्या. एकदा वैतागून म्हटलं, "रोज रोज येऊ नका. मंगळवारी या, दर मंगळवारी येऊन विचारत जा." त्यांनी ते शब्दशः घेतलं. तेव्हापासून एक मंगळवार चुकला नाही. सकाळी यायच्या आणि कचेरी बंद होताना स्टूल उचलून जायच्या. मधल्या वेळात साड्यांना फॉल लावत बसायच्या, तोच त्यांचा धंदा. आमच्या कचेरीतल्या बायका हळूहळू आपल्या साड्या त्यांना द्यायला लागल्या. टाके असे बारीक की उलट्या बाजूनेही दिसू नयेत. भाचीच्या लग्नासाठी घेतलेली पैठणी मीही पुढे केली. त्यांनी ती हातात घेतली, पदर उलगडून पाहिला, नीट घडी घातली आणि परत माझ्या टेबलावर ठेवली.

"साडी चांगली आहे. पण तुझ्या साडीला फॉल नाही लावणार."

शेजारच्या टेबलावरचे पाटील खो खो हसले. मला इतका अपमान वाटला की पुढचे तीन मंगळवार मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. बोलून तरी काय सांगणार होते? "प्रोसेसमध्ये आहे," हे माझं ठरलेलं उत्तर. त्यावर त्यांचंही ठरलेलं होतं, "ही प्रोसेस राहते कुठे? पत्ता दे, मी जाऊन भेटते तिला."

आणि निघताना, स्टूल काखेत मारून, "परका माणूस तक्रार करत नाही, मॅडम. कागद हातात येऊ दे. पहिली तक्रार तुझी."

खरं तर मला हे कळायला हवं होतं. मी आंबिवलीची. माझ्या नोकरीच्या वेळी जातपडताळणीच्या दाखल्यासाठी माझे बाबा कारखान्यातल्या रजा टाकून टाकून अशाच एका टेबलासमोर उभे राहायचे. घरी येऊन म्हणायचे, "त्या बाईने आज मान वर केली नाही गं." त्या अनोळखी बाईला मी कित्येक वर्षं शिव्या दिल्या. मग टेबलाच्या आतल्या बाजूला बसले आणि बाबांचं वाक्य विसरले.

अडलं होतं ते पोलिसांच्या अहवालावर. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहतो की नाही, हे पोलीस घरी जाऊन बघतात आणि बंद लिफाफ्यात आम्हाला कळवतात. तो अहवाल गोपनीय. अर्जदाराला फक्त 'अनुकूल नाही' एवढंच सांगायचं, पुन्हा चौकशीचं पत्र काढायचं आणि फाइल कपाटात. जमनाबाईंचा अहवाल तीनदा अनुकूल नव्हता, तीनदा मी पत्र काढलं. लिफाफा फोडायचा, शेवटची ओळ बघायची, टाचणी लावायची. पूर्ण वाचायला सवड कुणाला होती?

एका मंगळवारी आमचं जोरात वाजलं. त्या ओरडल्या, "तू फाइल उघडतच नाहीस!" मीही ओरडले, "हे बघा, उघडली!" आणि रागाच्या भरात सगळी फाइल टेबलावर पसरली. तिन्ही अहवाल शेजारी शेजारी पडले. तिन्हींवर एकच वाक्य होतं, 'अर्जदार पत्त्यावर आढळून आल्या नाहीत, घरास कुलूप.' भेटीच्या तारखा वेगवेगळ्या वर्षांच्या. कसा कोण जाणे, माझा हात टेबलावरच्या डायरीतल्या मागच्या वर्षांच्या कॅलेंडरकडे गेला. पहिली तारीख मंगळवार. दुसरी मंगळवार. तिसरी काढून बघायचा मला धीर होईना, पण बघितली. तोही मंगळवारच. कोपरीचा तो भाग बघणारा हवालदार बाहेरच्या चौकश्या मंगळवारी करायचा, आणि मंगळवारी जमनाबाई घरी नसायच्या. त्या माझ्यासमोर असायच्या, मीच बोलावलेल्या.

फॉर्मवर फोन नंबर गोपालदासांचा होता, तो केव्हाच बंद झालेला. शेजारी त्यांच्यासारखेच कागदांची वाट पाहणारे, पोलीस दिसला की दारं लावून घेणारे. पोलीस येऊन गेल्याचं कुणी जमनाबाईंना सांगितलंच नव्हतं.

"पुढच्या मंगळवारी येऊ नका," मी म्हटलं. "घरी बसा."

"हाकलतेस मला?"

मग मी गोपनीय-बिपनीय सगळं गुंडाळून ठेवलं आणि त्यांना तिन्ही कागद वाचून दाखवले. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून तारखांवर बोट ठेवून ठेवून सांगितलं. सुईतला दोरा त्यांनी दाताने तोडला.

"म्हणजे मी इथे बसले म्हणून तिथे नव्हते."

"हो."

"तुला माहीत होतं?"

"नाही. मी वाचलंच नव्हतं."

"मग हे जास्त वाईट आहे," असं म्हणून त्यांनी स्टूल उचललं आणि त्या दुपारीच निघून गेल्या. मी माफी मागायला हवी होती. तोंडातून निघाली नाही. समोरचं माणूस एवढं तिरसट असलं की माफी घशात अडकते, अशी मी स्वतःची समजूत घातली.

चौथा अहवाल अनुकूल आला. मग फाइल वर गेली, दिल्लीहून एक शंका आली, तिचं उत्तर गेलं, परत शांतता. यात वर्ष उलटून गेलं. या काळात जमनाबाई एकदाही फिरकल्या नाहीत. माझ्या टेबलासमोरची जागा मोकळी होती आणि मला मंगळवारी काम सुचायचं नाही.

प्रमाणपत्र आलं. त्यांनी साहेबांच्या खोलीत उभं राहून निष्ठेची शपथ वाचली, हिंदीत, एकही अक्षर न अडखळता. कागद घेऊन बाहेर आल्या त्या सरळ माझ्या टेबलापाशी. स्टूल आणलं नव्हतं. कचेरीची खुर्ची त्यांनी खर्रकन ओढली आणि बसल्या.

"पाणी आण."

मी उठले. खरंच उठले आणि पाणी आणून दिलं. त्यांनी ग्लास रिकामा केला, मग पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढला. घड्यांवर झिजलेला, कुणाकडून तरी सुवाच्य मराठीत लिहून घेतलेला. नागरिकत्वाच्या टेबलावरच्या कांबळे मॅडमविरुद्ध तक्रार. तारखेची जागा मात्र कोरी होती, तिथे त्यांनी माझ्याच पेनाने त्या दिवसाची तारीख घातली. "मी घरी नसण्याचा दिवस या बाईने ठरवला, आणि मी घरी नाही म्हणून माझी फाइल हिच्याच कपाटात राहिली," असं त्यात होतं.

"आवकचा शिक्का मार. पोच दे."

आवक नोंदणारी त्या दिवशी रजेवर होती, तिचं काम माझ्याकडेच होतं. माझ्याविरुद्धच्या तक्रारीवर मी शिक्का मारला, नंबर घातला, पोच दिली. त्यांनी पोच प्रमाणपत्राच्याच पिशवीत ठेवली आणि गेल्या. धन्यवाद-बिन्यवाद काही नाही.

साहेबांनी माझा खुलासा मागवला. पाटील म्हणाले, "अगं, 'तक्रारीत तथ्य नाही' असं लिही नि मोकळी हो. कोण बघतंय?" अशी उत्तरं मी स्वतः शंभर टाइप केली असतील. या वेळी लिहिलं, 'तक्रारीत तथ्य आहे.' मला सक्त ताकीद मिळाली, तीही लेखी. त्याची प्रत तक्रारदाराला पाठवायची असते. पोस्टाने टाकता आली असती. पण म्हटलं, इतकी वर्षं त्या पूल चढून आल्या, एकदा आपण जाऊ. माफीही मनाशी पाठ करून ठेवली होती.

रजा मिळाली ती नेमकी मंगळवारची. कोपरीतली ती इमारत सापडली, तळमजल्यावरची मागची खोली. दाराला कुलूप. बाहेर लाल स्टूल उलटं ठेवलेलं, त्यावर कुणाचे तरी मोजे वाळत होते. कडी वाजवली तसं शेजारचं दार बोटभर उघडलं.

"जमनाबाई कुठायत?"

"हरिद्वार गयी। काका को लेके।"

"कब आयेंगी?"

"बता के नहीं गयी। बोली, अब किसी को बताना नहीं पड़ता।" दार पुन्हा लागलं.

मी पर्समधून ताकिदीच्या प्रतीचा लिफाफा काढला. मग लिफाफ्यावर, हाताला लागलेल्या सवयीने, पेनाने लिहिलं, 'पत्त्यावर आढळून आल्या नाहीत.' खाली तारीख घातली आणि सही केली.