पांढरी साडी आणि आत्या

मैत्रिणींनो, आपली फिरती वही सध्या माझ्याकडे आहे, म्हणून हे आजच लिहून टाकते.

दुपारी अमरावतीला भुताचा सिनेमा पाहिला. खरे तर त्यात भूत दिसतच नाही. खिडकीत नुसती पांढरी साडी हलते आणि सारे थिएटर किंचाळते. मीही किंचाळले, नंतर हसलेही.

दिवेलागणीला बडनेऱ्याला घरी पोचले. अंधाऱ्या माजघरात पांढरी साडी हलली आणि मी जोरात ओरडले. ती माझी विधवा आत्या होती. शाळेत जाण्याआधी जिने मला मांडीवर घेऊन अक्षरे गिरवायला शिकवली, तीच.

"काहून व, काय पाह्यलं?" तिने विचारले.

खोटे बोलवेना. मी सिनेमाचे सांगितले. ती हसली. "मंग मलेबी सिनेमात घेतलं म्हन ना!"

मला वाटले, मिटले. पण त्यानंतर दोनदा ती माझ्या खोलीत आली आणि दोन्ही वेळा आधी दाराबाहेर थांबून म्हणाली, "मीच आहो व पोरी, भेऊ नोको."

माझी भीती तर तेव्हाच गेली होती. हे तिला कसे पटवून देऊ, सांगाल का?