डॉक्टरांना एक, खालच्या घराला एक

जर्मन पासपोर्ट हातात आला आणि पुढच्याच वर्षी बव्हेरियाच्या विधानसभेची निवडणूक लागली. बर्लिनचं सरकार आहे तसंच राहणार होतं. ही मधल्या काळातली, राज्यापुरती निवडणूक, पण माझी इथली पहिली. बायकोने भारतीय पासपोर्ट सोडला नव्हता. आईला भेटायला परकी होऊन जाणार नाही, असं तिने मला ठणकावून सांगितलं होतं. त्यामुळे घरात मत देणारा मी एकटाच. "घ्या मतदारराजे," असं म्हणत ती सकाळी चहाचा कप पुढे सरकवायची, आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

पक्ष म्हणाल तर आम्ही कुणाचेच नाही. आमच्या तालुक्यात लोक माणूस बघून मत देतात आणि पक्षाला शिव्या घालतात. तीच सवय घेऊन मी रेगेन्सबर्गजवळच्या या गावात आलो होतो. इथे तर माणूस बघायला लांब जायचीही गरज नव्हती. बव्हेरियातल्या सत्ताधारी पक्षाचा उमेदवार आमच्यापासून दोन घरं सोडून राहत होता.

तो आमचा डॉक्टर. मुलगी दोन वर्षांची असताना एका रविवारी दुपारी तापात तिला झटके आले. मी फोनवर जर्मन शब्द शोधत होतो, बायको रडत होती, आणि खालच्या मजल्यावरच्या कुणीतरी बोलावलं म्हणून हा माणूस घरातल्या चपला घालून, बॅग घेऊन धावत आला. अँब्युलन्स येईपर्यंत तो जमिनीवर मुलीशेजारी बसून होता. नंतर कितीतरी दिवस येता-जाता बेल वाजवून चौकशी करायचा. मुलगी त्याला ओपा, म्हणजे आजोबा, म्हणायला लागली. मी नागरिक झालो त्या दिवशी त्याच्या बायकोने केक करून पाठवला होता आणि त्याने माझा हात इतका वेळ हलवला की जणू मी परीक्षेत पहिला आलो होतो. अशा माणसाला मत द्यायचं की नाही, यावर विचार करायची वेळ आपल्यावर येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

ती वेळ त्याच्या पक्षाने आणली. त्या उन्हाळ्यात पक्षाची भाषा बदलली. आश्रय मागायला आलेल्या लोकांना लवकर परत पाठवू, जास्त संख्येने पाठवू, हे प्रत्येक सभेत, प्रत्येक पत्रकात. आणि आमच्या खालच्या मजल्यावर असंच एक अफगाण कुटुंब राहत होतं. नवरा बेकरीत पहाटेच्या पाळीला जायचा. बायको घरी असायची आणि हिंदी मालिका बघून बघून आमच्याहून शुद्ध हिंदी बोलायची. त्यांची मुलगी आमच्या मुलीच्या वर्गात. त्यांचा अर्ज नाकारला गेला होता. हातात होती ती फक्त डुल्डुंग, म्हणजे हाकलणं तूर्त पुढे ढकलल्याचा कागद. तो दर तीन महिन्यांनी वाढवून आणावा लागायचा. त्या दिवशी ती बाई सकाळपासून काही खायची नाही आणि आमच्या घरातलंही वातावरण बिघडून जायचं.

एकदा जेवताना मुलीने जर्मनमध्ये विचारलं, "पापा, ओपा माझ्या खालच्या मैत्रिणीला परत पाठवणार आहे का?"

"कोणी सांगितलं तुला?" मी मराठीत विचारलं.

"पोस्टरवर लिहिलंय. ओपाच्या फोटोखाली."

पोस्टरवर तसं सरळ लिहिलेलं नव्हतं, पण लेकीला वाचता येत होतं आणि ती चुकीचंही वाचत नव्हती. बायको माझ्याकडे बघत राहिली. मी भाजी वाढून घेतली. मला राग आला होता, आणि तो नक्की कोणाचा, हे मला कळत नव्हतं.

शनिवारी बेकरीसमोर डॉक्टर आपल्या पक्षाच्या छत्रीखाली उभा असायचा. लोकांना पेनं वाटायचा, फुलांच्या बियांची पाकिटं वाटायचा. दोन शनिवार मी लांबचा वळसा घालून दुसऱ्या बेकरीतून ब्रेड आणला. तिसऱ्या शनिवारी बायको म्हणाली, "अरे, तोंड लपवायला तू काय त्याचे पैसे बुडवलेस? जा आणि सरळ विचार." म्हणून गेलो.

डॉक्टरने मला बघून हात पसरले. मी इकडचं तिकडचं न बोलता विचारलं, "तुमचा पक्ष निवडून आला तर आमच्या खालच्यांना परत पाठवणार का?"

त्याचा चेहरा खरोखर उतरला. "त्यांना? आल्झो, अहो, ते तर आपले आहेत," तो म्हणाला. "मी त्यांच्यासाठी वर पत्र लिहिलंय. गरज पडली तर स्वतः जाऊन बोलेन. शब्द देतो."

"मग सभेत ते सगळं कशाला बोलता?"

"ते धोरण आहे. धोरण वेगळं, माणूस वेगळा. तुम्ही इंजिनिअर आहात, तुम्हाला कळेल."

मला कळलं नाही. म्हणजे त्याच्या दारात जो उभा राहील त्याला तो जीव तोडून मदत करणार, आणि ज्यांना त्याचं दार ठाऊक नाही त्यांना परत पाठवायचं म्हणून सभेत हात वर करणार. पण हे तोंडावर बोलायला माझी जीभ रेटेना. समोर उभा होता तो माझ्या मुलीशेजारी जमिनीवर बसलेला माणूस. मी बियांचं पाकीट घेतलं, "डांके" म्हटलं आणि घरी आलो.

पुढचे दिवस वाईट गेले. ऑफिसमधल्या मराठी दोस्तांशी बोललो, तर ते म्हणाले, "अरे, कारखाने याच पक्षामुळे चालतात, तुझी नोकरी त्यावर आहे. फार डोकं चालवू नकोस." डोकं थांबत नव्हतं. डॉक्टरला मत दिलं नाही तर मी कृतघ्न. दिलं तर रोज जिन्यात खालच्या बाईला कोणत्या तोंडाने "सलाम" म्हणायचं?

वाट तिनेच दाखवली. एकदा जिन्यात भेटली आणि म्हणाली, "भाईसाहब, सुना है आपके पास दो वोट हैं?"

खरंच दोन मतं होती. एक चिठ्ठी आपल्या भागातल्या उमेदवारासाठी आणि दुसरी, टेबलावरच्या कापडाएवढी मोठी, पक्षाच्या यादीसाठी. (त्याच दिवशी आणखी एका स्थानिक सभागृहाची निवडणूक होती, तिच्या चिठ्ठ्या वेगळ्या, ती भानगड इथे नको.)

"तो एक मेरा समझके डाल दीजिए," ती हसत म्हणाली. हसत म्हणाली खरी, पण उत्तर मिळेपर्यंत तिने जिन्याचा कठडा सोडला नाही.

"डाल दूँगा," मी म्हणालो.

आणि एकदम सगळं सुटल्यासारखं झालं. नागरिकत्वाच्या परीक्षेला मी घोकून गेलो होतो: पहिलं मत माणसाला, दुसरं पक्षाला, आणि कोणाला किती जागा ते दुसऱ्या मतावरून ठरतं. म्हणजे पहिलं मत डॉक्टरला, उपकारापोटी. दुसरं, खरं वजनाचं, खालच्या घरासाठी, त्यांच्या बाजूने बोलणाऱ्या पक्षाला. कृतज्ञता इकडे, विवेक तिकडे, कुणाचं काही राहिलं नाही. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "फारच सोपं दिसतंय तुझं." मी म्हटलं, प्रत्येक गोष्ट अवघड असलीच पाहिजे असं नाही.

रविवारी शाळेच्या जिममध्ये जाऊन मी दोन्ही फुल्या मारल्या. छाती फुगली होती. परत येताना खालची बेल वाजवून सांगितलं, "आपका वोट डाल दिया." संध्याकाळी ती एका ताटात कांद्याच्या पातीची बोलानी घेऊन वर आली. गरम पराठ्यासारखी असते. मुलीने एकटीने दोन खाल्ल्या.

डॉक्टर निवडून आला. चार-पाच दिवसांनी दुपारी तो आभार मानायला आमच्याकडे आला. बायकोने चहा केला. मला राहवेना, म्हणून मी अगदी अभिमानाने सांगितलं, "पहिलं मत तुम्हालाच दिलं. पण दुसरं दिलं नाही, तेही सांगून टाकतो. ते खालच्या लोकांसाठी होतं."

त्याला वाईट वाटलं नाही. उलट त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "प्रामाणिकपणाबद्दल आभार. आणि पक्षातर्फेही आभार," तो म्हणाला. "बाकी जर्मनीत असतं तसं आपल्या बव्हेरियात नसतं. इथे पहिलं आणि दुसरं, दोन्ही मतं पक्षाच्या खात्यात एकत्र मिळवतात. तुमचं एक आम्हाला, एक त्यांना. गेनाऊ, अगदी बरोबरी!"

तो मोठ्याने हसला. मीही दात दाखवले. बायकोने चहाचा कप खाली ठेवला.

तो गेल्यावर ती कप उचलायला लागली. मी काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून म्हणालो, "मला काय माहीत."

"तुला माहीत नव्हतं हे ठीक आहे," ती म्हणाली. "पण तिला सांग. उगीच तिला वाटत राहायला नको."

खालच्यांचं ताट ओट्यावर तसंच पडून होतं. आमच्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत. दिवाळी तोंडावर आली होती, म्हणून तिने त्यात चकल्या घातल्या, वर रुमाल टाकला आणि ताट माझ्या हातात दिलं.

मी खाली गेलो. दारातच उभं राहून, माझ्या मोडक्या हिंदीत, सगळं सांगितलं. एक मत डॉक्टरसाहेबांना दिलं ते, आणि तुमच्या मताने फक्त माझंच मत खोडलं ते. मला लाज वाटत होती आणि मी ती लपवली नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं. ताट घेतलं, रुमाल उचलून चकल्या बघितल्या.

"डॉक्टरसाहब अच्छे आदमी हैं," ती म्हणाली. "हमारे लिए चिट्ठी लिखी है उन्होंने."

"हाँ."

"कोई बात नहीं, भाईसाहब. अगली बार दोनों मेरे डाल दीजिए." मग तिने विचारलं, "अगली बार कब है?"

"पाँच साल बाद," मी म्हणालो.

तिने मान हलवली. तिच्या मागे भिंतीवर, कॅलेंडरशेजारी, तो डुल्डुंगचा कागद टाचणीने लावलेला होता. त्याच्यावर मुदतीची तारीख जानेवारीची होती.