डाव्या खिडकीचं बटण

जुन्या गाडीत बायको डावीकडची काच खाली करायची आणि मी माझ्या दारावरच्या बटणाने साळसूदपणे ती वर घ्यायचो. हे भांडण थेट पारशिवनीपर्यंत चालायचं. ती वारल्यावर तिचं बटण कुणी दाबलंच नाही. उन्हाने ते चिकट होऊन रुतून बसलं. परवा स्पिरिटमध्ये कापसाची काडी बुडवून मी ते कडेकडेने पुसत राहिलो आणि अखेर ते टक्कन उठलं. लगेच तिच्या सीटवरून काच खाली केली, गाडीला वळसा घालून धावलो, माझ्या बटणाने वर घेतली आणि पुन्हा तिच्या सीटवर येऊन खाली केली.

शेजारी फाटकातून बघत होता. "काय करून राहिले, भाऊ?"

"भांडून राहिलो," मी म्हणालो. या वेळी काच खालीच राहू दिली.