सह्या केलेली कोरी कार्डं

बांधकामावर त्यांना सगळे पट्टेनाना म्हणायचे. सुरक्षा पट्टा न लावता कोणी वर चढलेला दिसला, की त्यांचा आवाज असा चढायचा, की पलीकडच्या इमारतीवरचे लोकही मुकाट्याने आपापले पट्टे चाचपायचे. स्वतःच्या व्याह्यालासुद्धा त्यांनी एकदा सगळ्यांदेखत खाली उतरवलं होतं. व्याही त्याच साइटवर फोरमन. नानांची मुलगी तिथल्याच स्टोअरमध्ये कारकून. हेल्मेट, हातमोजे, सगळं तिच्या वहीत नोंद झाल्यावरच मिळायचं. घरचंच राज्य आहे, असं लोक चिडवायचे आणि नानांना ते मनातून आवडायचं. कडक माणसालाही कौतुक गोडच लागतं.

सव्वीस वर्षांत त्यांनी पास केलेल्या परांचीवरून कोणी पडलं नव्हतं. परांची म्हणजे प्लास्टरवाल्यांनी उभं राहायचा पाइप आणि फळ्यांचा सांगाडा. रोज सकाळी नानांनी ती वरपासून खालपर्यंत तपासायची, हिरव्या कार्डावर सही करायची आणि ते शिडीपाशी टांगायचं. कार्ड नाही तर चढणं नाही. एवढा साधा नियम.

मग गुडघ्यांनी असहकार पुकारला. चार पायऱ्या चढल्या की नानांच्या डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. हे साहेबांच्या कानावर गेलं असतं तर त्यांना घरी बसवलं असतं. तेव्हा व्याहीच म्हणाले, "नाना, तुम्ही खाली बसा. मी चढतो. घरातली गोष्ट घरातच राहील."

ठरलं ते असं. नानांनी आठवड्याची कार्डं सह्या करून मुलीच्या टेबलाच्या खणात ठेवायची. व्याह्यांनी वर जाऊन पाइप जोडणारा एकेक क्लॅम्प हलवून बघायचा आणि वॉकीटॉकीवर सांगायचं. नानांनी त्यांची उलटतपासणी घ्यायची, आणि समाधान झालं तरच मुलीला म्हणायचं, "दे." मग तिने तारीख घालून कार्ड द्यायचं. हे नियमात बसत नाही, हे नानांइतकं दुसऱ्या कोणाला माहीत होतं? इतर कोणी असं केलं असतं तर नानांनी त्याची बिनपाण्याने केली असती. पण इथे एका टोकाला जिवाभावाचा व्याही आणि दुसऱ्या टोकाला पोटची पोर. घरच्यांवर विश्वास टाकायचा नाही, तर टाकायचा कोणावर?

सात महिने सगळं सुरळीत चाललं. एका गुरुवारी सकाळी प्लास्टरवाले हात बांधून उभे होते आणि मोठे साहेब यायचे होते. व्याह्यांनी वर न जाताच स्टोअरमध्ये येऊन खणात हात घातला, कार्ड काढलं आणि टांगून टाकलं. साडेनऊला तिसऱ्या टप्प्यावरची फळी सटकली. तिची टोकं बांधलेलीच नव्हती. प्लास्टरवाल्याने पट्टा लावला होता, पण ज्या पाइपाला अडकवला तोही निखळला. जीव वाचला, कंबर मोडली.

त्याच दुपारी स्टोअरच्या रॅकमागे मुलगी नानांपाशी रडली.

"बाबा, तुमचा आवाज आलाच नव्हता. मामंजींनी स्वतःच कार्ड काढलं. मला त्यांना अडवता आलं नाही."

नानांनी तिची समजूत काढली. कोऱ्या कार्डांची चूक माझी, ती मी कबूल करीन, तू फक्त डोळ्यांनी पाहिलंस तेवढं सांग, असं ते म्हणाले. तिने मान हलवली.

सोमवारी साइट ऑफिसात चौकशी बसली. नानांनी काही हातचं न राखता सांगितलं: सह्या माझ्या, कोऱ्या कार्डांवर मीच केल्या, पण त्या दिवशी "दे" असं मी म्हटलेलं नाही. मग व्याह्यांची पाळी आली. पापणीही न लववता ते म्हणाले, की वरच्या फळ्या बांधायच्या राहिल्यात हे आपण नानांना सांगितलं होतं, नानाच म्हणाले, चालेल. नाना त्यांच्याकडे बघतच राहिले. वीस वर्षं ज्याच्याबरोबर एका डब्यात जेवलो, तो माणूस तोंडावर खोटं बोलत होता. नानांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी त्यांनी स्वतःला आवरलं. अजून मुलगी बोलायची होती.

ती आली, ती टेबलाकडे बघतच.

"बाबांचा आवाज आला होता," ती म्हणाली. "'दे' म्हणाले. म्हणून मी दिलं."

नानांना राग यायला हवा होता, पण आलं ते रडूच, आणि ते त्यांनी गिळलं. चौकशी अधिकाऱ्यांनी त्यांना विचारलं, की तुमच्या मुलीला तुमच्याविरुद्ध खोटं बोलायचं कारण काय?

कारण समोरच हाताची घडी घालून बसलं होतं. संध्याकाळी तिला त्याच घरात परत जायचं होतं, आणि ते घर नानांनीच पारखून तिला दिलं होतं. रॅकमागचं तिचं बोलणं त्यांच्या ओठांवर आलं. ते सांगितलं असतं तर व्याही अडकले असते, आणि तीही.

"ती खोटं बोलत नाही, साहेब," नाना म्हणाले.

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. कागद पुढे आला, नानांनी सही केली आणि टेबलाचा आधार घेत उठले. बाहेर पोचेपर्यंत मागून हाक आली, "बाबा." मग पुन्हा एकदा, थोडी हळू. ती बोलायला लागल्यापासून तिच्या हाकेला नानांनी ओ दिली नाही, असं कधी झालं नव्हतं. आज ते तसेच गेटकडे चालत राहिले.