टोपीबाहेरची वेणी

परवा नातसून बाळाच्या टाळूवर तिळाचं कोमट तेल घालत होती. त्या वासानं मला थेट अमरावतीच्या शाळेत, हेडमास्तरांच्या खोलीत नेऊन उभं केलं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं आणि मी मराठी चौथीत होतो. काळी टोपी आणि बारीक केस, असा शाळेचा नियम. भटजींच्या मुलांच्या शेंड्यांना तेवढी धर्माची सूट होती. तिळाच्या तेलानं माखलेली माझी नवसाची वेणी मात्र कापून या, असा हुकूम झाला. म्हणून मोर्शीकडच्या गावाहून आई आली होती, बैलगाडीची धूळ अंगावर घेऊन.

"शेंडीला शास्त्राचा आधार आहे, बाई," हेडमास्तर म्हणाले. "या वेणीला कशाचा?"

"माहे दोन लेकरं गेले, मास्तर. तिसऱ्यासाठी देवीले नवस बोलली, तवा शास्त्राले इचाराले येळ नव्हता. बारा वर्साचा होईस्तोवर याचे केस देवीचे हायेत. त्यायच्या शेंडीले सूट, तं याच्या वेणीले काहून नाही?"

हेडमास्तरांनी टाक दौतीत ठेवला. मग म्हणाले, "बसू दे वर्गात. पण वेणी टोपीत लपवून."

मी घाईघाईनं वेणी टोपीत कोंबली. मला आईची लाज वाटत होती, ती लवकर जावी असं वाटत होतं. तिनं मात्र त्यांच्या देखत वेणी बाहेर ओढली आणि पाठीवर सोडली.

"चोरी केली का आपण?" म्हणाली.

आता डोक्यावर एक केस नाही. तरी कुणी काही लपवायला सांगितलं, की माझा हात आधी मानेमागे जातो.