अलिबागची रूबी आत्या

रूबी आत्या गेली.

सकाळपासून फोनवर सगळे म्हणतायत, किती गोड बाई होती.

गोड नव्हती. प्लीज.
हट्टी होती, तिरसट होती, आणि तिने मला जन्मभर वैताग आणला.

इथे कॅनडात, मिसिसागातल्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तिला फक्त देशी ग्रोसरीत मेथीच्या जुडीवरून वाद घालताना पाहिलंय. थंडीत स्नो बूट न घालता, सपाता घालून आलेली.
एके काळी निम्मं इंग्लंड हिच्या आवाजावर नाचत होतं, हे सांगितलं तर कोणाला पटायचं नाही. आणि तिला ते सांगितलेलं चालायचंही नाही.

ती माझ्या बाबांची धाकटी बहीण. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळ अलिबागकडचे. बाबा शिकायला मुंबईत नातेवाइकांकडे राहिले, आणि आजी-आजोबा छोट्या रूबीला घेऊन लंडनला गेले.

तिथे ती आधी लग्नांत गायची, मग क्लबमध्ये. डिस्कोचे दिवस होते. एका रेकॉर्ड कंपनीने तिला घेतलं आणि पहिल्याच मीटिंगमध्ये तिचं नाव बदललं.
नाव रोझा. देश ब्राझील.

ब्राझील कुठे आलं हे तिला धड माहीत नव्हतं. पत्रकारांनी घराबद्दल विचारलं की ती गावाचं नाव न घेता सरळ अलिबागचंच वर्णन करायची. नारळाच्या वाड्या, समुद्र, अंगणात वाळत घातलेली मासळी.
पेपरात छापून यायचं, रोझाचं ब्राझीलमधलं बालपण.

मी एकदा चिडून विचारलं, तुला काहीच कसं वाटलं नाही?
म्हणाली, "मला गायचं होतं. नाव त्यांचं, गळा माझा."

झालं. विषय बंद.

गाणं तुफान चाललं. रेडिओ, टीव्ही, चंदेरी जंपसूट, खांद्यावर मोकळे केस. तो फोटो बाबांनी जपून ठेवला होता. तिने तो आमच्या भिंतीवरून स्वतः काढला आणि तिथे घड्याळ लावलं.

आता जे सांगतेय ते तिने मला कधीच सांगितलं नाही. आजीने बाबांना सांगितलं, बाबांनी मला.

टीव्हीवर लाइव्ह प्रोग्रॅम होता. आजी डबा घेऊन स्टुडिओत गेली. साडी, वर लोकरीचा कोट. तिथे कोणीतरी विचारलं, या कोण? मॅनेजरने शांतपणे सांगितलं, कपडेपट बघणारी बाई आहे.

आजीला तेवढं इंग्रजी समजत होतं.
ती पुढे झाली. डबा बाजूला ठेवला आणि खुर्चीवर पडलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला लागली. मुलीचं खोटं उघडं पडू नये म्हणून.

आत्याने ते आरशातून पाहिलं.

मग प्रोग्रॅम सुरू झाला. निवेदकाने हसत विचारलं, रोझा, घरची आठवण येते का?
ती म्हणाली, माझं नाव रूबी. गाव अलिबाग. ते हिंदुस्थानात आहे. आणि माझी आई त्या पडद्यामागे उभी आहे, तिला बाहेर बोलवा.

आजी बाहेर आली. एवढे दिवे, एवढी माणसं. निवेदकाने तिच्यापुढे माइक धरला.
आजी मराठीत म्हणाली, "पोरगी सकाळपासून जेवली नाहीये."

कंपनीने पुढची रेकॉर्ड काढलीच नाही. नंतर काही वर्षं ती हॉटेलांत आणि बोटींवर गायली. मग बाबांच्या मागे कॅनडाला आली आणि आमच्या बेसमेंटमध्ये मुलांना गाणं शिकवायला लागली. त्यातल्या निम्म्या मुलांना तिने रडवलं.

मी तिला किती सांगितलं. मुलाखत दे. पुस्तक लिही. लोकांना कळू दे तुझ्या बाबतीत काय झालं.
तिचं उत्तर ठरलेलं. माझ्या बाबतीत काही झालं नाही, पुढचं गाणंच बकवास होतं.

कपाळ माझं.

गेल्या वर्षी कोणीतरी तिच्या गाण्याचा रिमिक्स केला. माझी लेक घरी येऊन म्हणाली, "मॉम, व्हाय इज रूबी आत्या प्लेइंग इन माय जिम?"
पाठोपाठ टोरांटोच्या एका हॉलकडून आमंत्रण आलं. मी नको म्हटलं. वय बघ, तब्येत बघ, बाहेर स्नो बघ.
ती हो म्हणाली. पोस्टरवर रूबी लिहा, आणि मागे खरा बँड हवा, टेप नको.

झालंही तसंच. वरचा सूर लागला नाही. तिने भर गाण्यात बँड थांबवला, बेस गिटार वाजवणाऱ्याला लय पळवू नकोस म्हणून सुनावलं, पट्टी खाली घेतली आणि पहिल्यापासून सुरू केलं.
तिच्या नातवंडांच्या वयाची पोरं घामाघूम होईपर्यंत नाचली.
घरी येताना गाडीत म्हणाली, ड्रमर बरा होता.

त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी हॉस्पिटल. डॉक्टर म्हणाले, खूप पसरलंय, यांना बराच काळ दुखत असणार.
असणारच. पण सांगेल तर ती रूबी आत्या कसली.

मी हॉस्पिटलच्या पार्किंग लॉटमध्ये तिच्यावर ओरडले. व्हीलचेअरवर बसलेल्या बाईवर. येणारे-जाणारे बघत होते.
तिने माझं सगळं बोलणं संपू दिलं. मग विचारलं, "तेव्हा सांगितलं असतं, तर तू मला गायला जाऊ दिलं असतंस?"



नसतं जाऊ दिलं.

ती म्हणाली, "मग? चल आता, थंडी वाजतेय."

उद्या दुपारी दफन आहे. ज्यांना यायचंय त्यांनी मला मेसेज करा, पत्ता पाठवते. फुलं आणू नका, आमच्यात पद्धत नाही, आणि तिला आवडलीही नसती.

आत्या, मी अजून चिडलेलीच आहे.
सांभाळून जा.